कोड कव्हरेज (जावास्क्रिप्ट)

कोड कव्हरेज किंवा कोडची चाचणी-व्याप्ती हे संगणकीय आज्ञावलीच्या चाचणीशी संबंधित एक परिमाण आहे. चाचण्या चालत असताना मूळ आज्ञावलीचा किती भाग प्रत्यक्ष कार्यान्वित झाला, हे त्यावरून कळते. ते बहुधा टक्केवारीत सांगितले जाते. जावास्क्रिप्ट या भाषेत घटक चाचण्यांची, म्हणजे आज्ञावलीतील एकेका लहान घटकाच्या स्वतंत्र चाचण्यांची, व्याप्ती मोजण्यासाठी इस्तंबूल, एनवायसी, सी८ अशी साधने वापरली जातात. जेस्ट आणि व्हिटेस्ट या चाचणी-चौकटींतही तशी सोय आहे. या मोजणीतून जो अहवाल तयार होतो त्याला कव्हरेज अहवाल म्हणतात.

व्याप्ती म्हणजे अचूकता नव्हे. एखादी ओळ चाचणीत चालली एवढेच हा अहवाल सांगतो. ती बरोबर चालली की नाही, हे सांगणे चाचणीतील पडताळणीचे काम असते. हा भेद ध्यानात न घेतल्याने या अहवालांचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचे प्रकार वारंवार घडतात.

पार्श्वभूमी

चाचणीत आज्ञावलीचा किती भाग तपासला गेला हे पद्धतशीर मोजण्याची कल्पना जावास्क्रिप्टपेक्षा बरीच जुनी आहे. या विषयावरील आरंभीच्या लेखांत मिलर आणि मॅलोनी यांचा १९६३ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात आलेला लेख गणला जातो. विमानांतील संगणकप्रणालींसाठी १९९२ साली आलेल्या डीओ-१७८बी या मानकाने, ज्या प्रणालीतील दोषामुळे विमानच कोसळू शकते अशा प्रणालींसाठी अतिशय कडक प्रकारची व्याप्ती आवश्यक ठरवली.

जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ सालचा. ब्रेंडन आइक यांनी ती नेटस्केप कंपनीत तयार केली. सुरुवातीची कित्येक वर्षे तिचा उपयोग संकेतस्थळाच्या पानावर किरकोळ हालचाली घडवण्यापुरता होता आणि तिच्या चाचण्यांचा विचार फारसा कोणी करीत नसे. २००९ साली नोड.जेएस आल्यावर ही भाषा सर्व्हरवरही चालू लागली. तिकिटे, बिले, बँकेचे व्यवहार यांचे हिशेब तिच्यात लिहिले जाऊ लागले आणि चाचण्यांची निकड भासू लागली. मोका ही चाचणी-चौकट २०११ साली आली. २०१२ साली याहू कंपनीतून इस्तंबूल हे साधन खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा उगम गमतीदार आहे. कव्हरेज म्हणजे आच्छादन, आच्छादन म्हटले की गालिचा, आणि गालिचा म्हटला की तुर्कस्थान, अशा साखळीतून त्या शहराचे नाव साधनाला मिळाले. फेसबुकने २०१४ साली खुली केलेली जेस्ट ही चौकट व्याप्ती मोजण्यासाठी आतून इस्तंबूलचेच भाग वापरते. जेस्टची मालकी २०२२ साली ओपनजेएस फाउंडेशनकडे गेली.

मोजणीचे प्रकार

इस्तंबूलच्या अहवालात चार आकडे असतात: विधाने, शाखा, फंक्शने आणि ओळी.

विधान म्हणजे आज्ञावलीतील एक पूर्ण आज्ञा. एका ओळीत दोन-तीन विधाने असू शकतात आणि एकच विधान चार ओळींवर पसरलेले असू शकते. म्हणून विधानांची आणि ओळींची टक्केवारी जवळजवळ सारखी असली तरी एकच असेल असे नाही. फंक्शनांची मोजणी सर्वांत ढोबळ आहे. फंक्शन एकदा जरी बोलावले गेले तरी ते व्यापले गेले असे धरतात, मग त्यातला अर्धा भाग अस्पर्शित राहिला तरी हरकत नाही.

शाखांची मोजणी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आज्ञावलीत जेथे दोन किंवा अधिक वाटा फुटतात, त्या प्रत्येक वाटेने चाचणी गेली का, हे ती पाहते. 'जर-नाहीतर' ही रचना, अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना, प्रश्नचिन्हाने लिहिली जाणारी त्रिपदी राशी, 'आणि' व 'किंवा' ही तार्किक चिन्हे, तसेच फंक्शनला न दिलेल्या मूल्याऐवजी धरले जाणारे ठरीव मूल्य, या सर्वांना इस्तंबूल शाखा मानते. 'जर' असून 'नाहीतर' लिहिलेलेच नसेल तरीही तेथे दोन शाखा धरल्या जातात, कारण अट खोटी ठरल्यावर काहीही न करता पुढे जाणे हीसुद्धा एक वाट आहे.

या न लिहिलेल्या वाटेचे महत्त्व पुढील प्रसंगातून स्पष्ट होईल. 'सवलत' नावाचे एक चल घोषित केले, पण त्याला सुरुवातीचे मूल्य दिले नाही. प्रवासी ज्येष्ठ नागरिक असेल तर सवलत वीस रुपये धरायची आणि शेवटी भाड्यातून सवलत वजा करून उत्तर द्यायचे, असे फंक्शन आहे. चाचणी फक्त ज्येष्ठ प्रवाशाची लिहिली, तर प्रत्येक विधान चालते आणि विधानांची व्याप्ती १०० टक्के दिसते. शाखांची मात्र ५० टक्केच येते. तरुण प्रवासी आला की भाड्यातून अस्तित्वात नसलेले मूल्य वजा होते आणि जावास्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देते. विधानांच्या आकड्यावर विसंबलेल्या माणसाला हे तिकीट छापले जाईपर्यंत कळत नाही.

एक सविस्तर उदाहरण

बसचे तिकीट काढणारे एक छोटे फंक्शन घेऊ. त्याला प्रवाशाचे वय आणि पूर्ण भाडे दिले जाते. नियम असा की पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या, म्हणजे बारा पूर्ण झालेल्याही, मुलाला अर्धे तिकीट आणि पुढे पूर्ण. आज्ञावली मराठीत मांडली तर अशी होईल:

१. भाडे = पूर्ण भाडे
२. जर वय ५ पेक्षा कमी, तर
३. भाडे = ०
४. नाहीतर, जर वय १२ पेक्षा कमी, तर
५. भाडे = पूर्ण भाडे ÷ २
६. भाडे परत दे

येथे विधाने सहा, फंक्शन एक आणि दोन अटींच्या मिळून शाखा चार आहेत. पहिली चाचणी तीस वर्षांच्या प्रवाशाची लिहिली. पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी ही विधाने चालली, म्हणजे सहापैकी चार, ६६.६६ टक्के. दोन्ही अटी खोट्या ठरल्या, म्हणून चारपैकी दोन शाखा, ५० टक्के. फंक्शन मात्र १०० टक्के. दुसरी चाचणी आठ वर्षांच्या मुलाची जोडली की पाचवे विधान चालते. विधाने ८३.३३ टक्क्यांवर आणि शाखा ७५ टक्क्यांवर जातात. तिसरी चाचणी तीन वर्षांच्या बालकाची. आता चारही आकडे १०० आणि अहवाल सर्वत्र हिरवा.

तरीही हे फंक्शन चुकीचे आहे. चौथ्या ओळीत 'बारापेक्षा कमी' असे लिहिले आहे, नियमात मात्र बारा वर्षांचे मूलही सवलतीस पात्र आहे. नेमक्या बारा वर्षांच्या मुलाकडून पूर्ण भाडे घेतले जाईल आणि अहवालात त्याचा मागमूसही दिसणार नाही, कारण तीस वर्षांच्या प्रवाशाने ती वाट आधीच व्यापली आहे. सीमेवरील मूल्ये वेगळी तपासावीत हा चाचणीशास्त्रातील जुना नियम याचसाठी आहे. व्याप्तीचा अहवाल ती जागा दाखवत नाही.

याच सहा ओळींत आणखी एक अडचण दडली आहे आणि ती खास जावास्क्रिप्टची आहे. अर्जातील वयाचा रकाना प्रवाशाने रिकामा सोडला तर फंक्शनकडे रिकामी अक्षरमाला येते. तुलना करताना जावास्क्रिप्ट तिचे शून्यात रूपांतर करते. शून्य हे पाचपेक्षा कमी असल्याने या प्रवाशाला फुकट तिकीट मिळते. याउलट वय दिलेच गेले नाही तर दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि पूर्ण भाडे आकारले जाते. माहिती नसण्याच्या दोन प्रकारांतून दोन परस्परविरोधी निकाल निघतात, आणि दोन्हीही आधीच हिरव्या झालेल्या ओळींवरूनच जातात. आज्ञावलीत जी अट लिहायला हवी होती पण लिहिलीच गेली नाही, तिची टक्केवारी कोणतेही साधन काढू शकत नाही.

मोजणी कशी होते

यासाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात आज्ञावली चालण्यापूर्वीच तिच्यात गणक पेरले जातात. साधन मूळ मजकूर वाचून त्याचा वाक्यविन्यास-वृक्ष तयार करते, प्रत्येक विधानाच्या, शाखेच्या आणि फंक्शनाच्या जागी 'हा गणक एकाने वाढव' अशी आज्ञा घालते आणि या बदललेल्या वृक्षातून पुन्हा आज्ञावली लिहून काढते. चाचण्या चालतात त्या या बदललेल्या प्रतीवर. सगळे गणक एका सार्वत्रिक वस्तूत साठवले जातात आणि शेवटी त्यावरून अहवाल बनतो. इस्तंबूल याच पद्धतीने चालते. आरंभी त्यात एस्प्रिमा हे विश्लेषक वापरले होते, पुढे त्याची जागा बेबलने घेतली. वाक्यपृथक्करण शिकलेल्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटावी. आधी वाक्य पदांत फोडायचे, मग प्रत्येक पदावर खूण करायची. तिचा तोटा असा की आज्ञावली काहीशी फुगते आणि मंदावते.

दुसऱ्या मार्गात मूळ मजकुराला हात लावला जात नाही. क्रोम ब्राउझर आणि नोड.जेएस यांच्या गाभ्याशी असलेले व्ही८ हे इंजिन स्वतःच कोणता भाग किती वेळा चालला याची नोंद ठेवते. २०१७ साली ही सोय व्ही८मध्ये आली आणि त्याच वर्षी क्रोमच्या ५९व्या आवृत्तीत विकासकांसाठी कव्हरेजचे दालन दिसू लागले. पुढील वर्षी नोड.जेएसमध्ये एक पर्यावरण-चल देऊन ही नोंद फाईलमध्ये उतरवून घेण्याची सोय झाली. सी८ हे साधन तीच नोंद वाचते. व्ही८ची नोंद ओळींच्या भाषेत नसते. अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंतचा पट्टा इतक्या वेळा चालला, अशा स्वरूपात ती असते आणि तिचे ओळींत रूपांतर नंतर करावे लागते. त्यामुळे एकाच आज्ञावलीसाठी इस्तंबूल आणि सी८ वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. साधन बदलल्यावर टक्केवारी घसरली म्हणून चाचण्या बिघडल्या, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

टाइपस्क्रिप्टसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली आधी जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होते. अशा वेळी कोणती नवी ओळ कोणत्या मूळ ओळीतून आली हे सांगणारी नकाशा-फाईल लागते. ती चुकीची किंवा अपुरी असली की अहवालातील लाल खुणा भलत्याच ओळींवर पडतात.

अहवाल तयार करणे

जेस्टमध्ये चाचण्या चालवण्याच्या आज्ञेला 'कव्हरेज' हा पर्याय दोन संयोगचिन्हांसह जोडला की पुरे. मोकामध्ये ही सोय अंगभूत नाही. तेथे नेहमीच्या आज्ञेच्या आधी एनवायसी किंवा सी८ यांचे नाव लिहिले जाते. एनवायसी हा इस्तंबूलचाच आज्ञापटलावरील अवतार आहे आणि मुख्य प्रक्रियेतून निघालेल्या उपप्रक्रियांची मोजणीही तो करतो. व्हिटेस्टमध्ये व्ही८ आणि इस्तंबूल यांपैकी एक निवडता येते. नोड.जेएसच्या स्वतःच्या चाचणी-चालकातही आता व्याप्ती मोजता येते.

जेस्ट काही न सांगताही चार प्रकारचे अहवाल देते. एक तक्ता थेट पडद्यावर येतो. बाकीचे 'कव्हरेज' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. त्यांत माणसाने वाचायचे अहवाल एचटीएमएल रूपात असतात, तर एलकोव्ह, क्लोव्हर आणि जेसन ही रूपे इतर यंत्रणांनी वाचण्यासाठी असतात. एलकोव्ह हे मुळात सी भाषेच्या जगातून आलेले साधे मजकुरी स्वरूप आहे. प्रत्येक फाईलचे नाव, मग प्रत्येक ओळीचा क्रमांक आणि ती किती वेळा चालली तो आकडा, इतके त्याचे सार.

येथे एक खाचखळगा आहे आणि नवखेच काय, अनुभवीही त्यात पडतात. वेगळे काही सांगितले नसेल तर जेस्ट फक्त अशाच फाईली मोजते ज्या चाचणी चालताना वाचल्या गेल्या. ज्या फाईलसाठी एकही चाचणी लिहिलेली नाही आणि जी दुसऱ्या कोणत्याही चाचणीतून ओढली गेली नाही, ती अहवालात शून्य टक्के अशी दिसत नाही. ती दिसतच नाही. दहापैकी दोनच फाईलींच्या चाचण्या असतील आणि त्या उत्तम असतील, तर अहवाल नव्वदीच्या वर आकडा दाखवू शकतो. गैरहजर विद्यार्थ्यांना वगळून वर्गाचा निकाल लावण्यासारखे हे आहे. कोणत्या फाईली मोजायच्या याची यादी मांडणी-फाईलमध्ये स्पष्ट दिली की न वाचलेल्या फाईलीही हिशेबात येतात. एनवायसीमध्ये 'सर्व' हा पर्याय हेच काम करतो. असा बदल केल्याच्या दिवशी टक्केवारी एकदम खाली येते. ती घसरण खरी नसते, आधीचा आकडा खोटा होता.

अहवाल वाचणे

एचटीएमएल अहवालाच्या पहिल्या पानावर फोल्डरांची व फाईलींची यादी असते. इस्तंबूलच्या ठरीव मर्यादांनुसार ५० टक्क्यांखालील व्याप्ती लाल, ५० ते ८० पिवळी आणि त्यावरील हिरवी दिसते. हे रंग सोयीसाठी आहेत, त्यांमागे कोणताही शास्त्रीय निकष नाही. फाईलवर टिचकी मारल्यावर तिचा मजकूर उघडतो. समासात प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा चालली तो आकडा असतो, न चाललेली विधाने गुलाबी-लाल पार्श्वभूमीवर आणि न घेतलेल्या शाखा पिवळ्या रंगात दिसतात. 'जर'ची वाट कधीच घेतली गेली नसेल तर तेथे काळ्या चौकटीत इंग्रजी आय हे अक्षर आणि 'नाहीतर'ची वाट राहिली असेल तर ई हे अक्षर उमटते.

अनुभवी वाचक टक्केवारीपासून सुरुवात करीत नाही. तो लाल ओळी वाचतो. बहुतेक आज्ञावलींत त्या एकाच ठिकाणी गोळा झालेल्या आढळतात, ती जागा म्हणजे चूक हाताळणारा भाग. जाळे तुटले, फाईल सापडली नाही, उत्तर अर्धवट आले, अशा प्रसंगांसाठी लिहिलेल्या ओळी चाचणीत चालतच नाहीत, कारण तसा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा लागतो. संकटकाळी ज्या ओळींवर भिस्त असते त्याच कधी चालवून पाहिलेल्या नसतात. अहवालाचा खरा उपयोग हा आहे. समासातील आकडेही बोलके असतात. एकदाच चालायला हवी अशी ओळ चारशे वेळा चालली असेल तर काहीतरी बिनसले आहे.

काही ओळी जाणूनबुजून मोजणीतून वगळता येतात. त्यासाठी 'पुढील भाग दुर्लक्षित करा' अशा अर्थाची ठरावीक टिप्पणी आज्ञावलीत लिहावी लागते. ही सवलत कधी योग्य असते, पण अशी प्रत्येक टिप्पणी का लिहिली याचे कारण शेजारी असावे. कारण नसेल तर ती चाचणी लिहिण्याचा कंटाळा लपवण्यासाठी आहे असे समजण्यास जागा असते.

टक्केवारीचे लक्ष्य आणि त्याचे परिणाम

व्याप्ती ठरावीक आकड्याखाली गेली तर संपूर्ण चाचणीच अयशस्वी ठरवण्याची सोय या साधनांत असते. जेस्टमध्ये धन संख्या दिली तर ती किमान टक्केवारी मानली जाते. ऋण संख्या दिली तर न व्यापलेल्या घटकांची ती कमाल संख्या ठरते. ऋण संख्येची रीत कमी वापरली जात असली तरी अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. आज्ञावली वाढली की टक्केवारीच्या आडून न तपासलेल्या ओळींची संख्याही निमूटपणे वाढू शकते. संख्याच बांधून घेतली तर ते होत नाही.

आकडा हेच लक्ष्य झाले की तो गाठण्याच्या पळवाटाही निघतात. फंक्शन नुसते बोलवायचे आणि उत्तराची पडताळणीच करायची नाही, अशी चाचणी नेहमी यशस्वी होते आणि व्याप्तीही वाढवते. असमकालिक फंक्शनाच्या चाचणीत उत्तराची वाट न पाहताच चाचणी संपली तर ओळी मोजल्या जातात, पण पडताळणी फसल्याचे कोणाला कळत नाही. ही चूक बहुधा लबाडीने नव्हे, तर अनवधानाने होते. अभ्यासक्रम शिकवून संपला आणि अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना समजला, या दोन विधानांत जे अंतर आहे तेच येथेही आहे. चाचण्यांनी दोषांचे अस्तित्व दाखवता येते, दोषांचा अभाव सिद्ध करता येत नाही, हे एड्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारासच मांडले होते.

पडताळणीचा कस पाहण्यासाठी उत्परिवर्तन चाचणी हा वेगळा मार्ग आहे. त्यात साधन मूळ आज्ञावलीत मुद्दाम लहान बिघाड करते आणि सर्व चाचण्या पुन्हा चालवते. वरील उदाहरणात ते 'बारापेक्षा कमी'च्या जागी 'बारा किंवा कमी' असे करील. तीस, आठ आणि तीन वर्षांच्या तिन्ही चाचण्या तरीही यशस्वी होतील, म्हणजे हा बदल त्यांच्या लक्षात आलेला नाही. येथे तर बदललेली आज्ञावलीच नियमाला धरून आहे. जो दोष १०० टक्के व्याप्तीने लपवला होता, त्याच ओळीकडे हे बोट दाखवते. जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर हे साधन हे काम करते. प्रत्येक बिघाडासाठी चाचण्या नव्याने चालवाव्या लागत असल्याने मोठ्या आज्ञावलींत त्याला फार वेळ लागतो आणि म्हणून ते रोज वापरले जात नाही.

अहवाल पाठवणाऱ्या सेवा आणि सुरक्षितता

अनेक प्रकल्प आपले अहवाल कव्हरॉल्स, कोडकव्ह अशा सेवांकडे पाठवतात. प्रत्येक बदलाबरोबर व्याप्ती वाढली की घटली हे त्या दाखवतात. खुल्या प्रकल्पांच्या पहिल्या पानावर टक्केवारी लिहिलेली जी छोटी पाटी दिसते ती बहुधा अशाच सेवेकडून येते.

२०२१ साली कोडकव्हच्या बाबतीत घडलेली घटना या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. अहवाल पाठवण्यासाठी ग्राहक जी छोटी आज्ञावली चालवत, तिच्यात ३१ जानेवारीपासून एका घुसखोराने बदल केला होता. ती ज्या यंत्रावर चाले तेथील पर्यावरण-चले, आणि त्यांत ठेवलेले परवलीचे शब्द व किल्ल्या, परक्या सर्व्हरकडे जाऊ लागल्या. १ एप्रिल रोजी एका ग्राहकाने उतरवून घेतलेल्या फाईलचा अंकीय ठसा प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले नाहीत, आणि प्रकार उघडकीस आला. कंपनीने १५ एप्रिल रोजी तो जाहीर केला. ठसा ताडून पाहण्याची सोय आधीपासून होती. मधल्या दोन महिन्यांत ती आज्ञावली असंख्य वेळा न तपासता चालवली गेली होती.